मी तिथे नव्हतो

महालात, केळीबाग रोडच्या मागे,
शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या वरच्या मजल्यावर
शनिवारी चार ते सात आमचा वर्ग.
जिन्यात चपला काढायच्या. आवाजही तिथेच.

धकाते मॅडमना ऐकू येत नाही,
आणि त्या कुणाचं ऐकतही नाहीत.
मे महिन्यात कूलर असा खडखडतो
की आम्ही सहाही जण कपाळाला आठ्या घालतो,
त्या हात पसरून विचारतात,
कुणाला काय त्रास आहे इथे?
लाइट गेली की मात्र वर्ग बंद.
अर्धं राहिलेलं वाक्य
खिडकीशी नेऊन पुरं करायचं.

पहिला महिनाभर हात शिकवलेच नाहीत त्यांनी.
भुवया शिकवल्या.
रूपेंद्र उके बँकेत कॅशियर,
चेहरा काउंटरच्या काचेसारखा.
त्याला तीन शनिवार आरशासमोर बसवलं.
चौथ्या शनिवारी त्याच्या चेहऱ्याला
पहिला प्रश्न पडला.

मग नियम.
साधा गडद कुर्ता. बांगड्या, अंगठ्या घरी.
वीस मिनिटांनी माणूस बदलायचा:
शबाना थकली की मी, मी थकले की शबाना.
कामावर पाहिलेलं कामावरच ठेवायचं.
आणि समोरचा ‘मी’ म्हणाला, तर तुम्हीही ‘मी’ म्हणा.
‘तो म्हणतोय की’ म्हणालात
तर त्याला खोलीबाहेर काढलंत.

हे सोपं वाटलं होतं मला.
सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात उभी राहीपर्यंत.
हिंगण्याच्या एमआयडीसीतला वेल्डर,
तांब्याची तार चोरल्याचा आळ.
त्यानं बोट छातीला लावलं,
मग दूर दाखवलं, आणि हात झटकला.

छातीवरच्या बोटाला लिंग नसतं.
मराठी मात्र दारातच अडवून विचारते:
बाई की बुवा?
माझी जीभ ‘नव्हते’च्या उंबऱ्यापर्यंत गेली,
परतली,
आणि माझ्या या बारीक आवाजात
कोर्टासमोर पडलं,
“मी तिथे नव्हतो.”

टायपिस्टची बोटं थांबली.
मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.
ते हसणंही त्याला सांगितलं मी,
तोही नियमच.
न्यायाधीशांनी चष्म्यावरून मला पाहिलं.
मी त्याच्याकडे पाहत राहिले.
मग सावकाश त्यांची मान त्याच्याकडे वळली.

ती मान वळेपर्यंतच माझं काम होतं.
पुढचं विचारू नका.
इतकंही सांगायला नको होतं:
वेल्डर नव्हता तो, तारही नव्हती,
हिंगणा तर मी आत्ताच घातलं.
हसणं तेवढं खरं आहे.

परवा एका सत्कार समारंभात
अडीच तास दोघींनी हात चालवले.
शेवटी आयोजक म्हणाले,
“मॅडम, थोडं बाजूला व्हा नं,
फोटोत हात येते.”
पाकीट मागितलं तर म्हणाले,
“अरे बाप्पा, हे तर पुण्याचं काम आहे!”
आणि शाल दिली. मे महिन्यात. नागपुरात.
शबानानं नारळ पिशवीत टाकला,
बिल उद्या पाठवते म्हणाली.
पाठवलं. दोनदा.

रविवारी फुटाळ्याच्या काठावर बसतो आम्ही सहा जण,
नावं न घेता, गावं न घेता
एकमेकांपुढे ओझी उतरवतो.
कुणाला मेडिकलच्या वॉर्डात
एका बापाला सांगावं लागलेलं असतं,
“मी सॉरी आहे,” डॉक्टरांच्या ‘मी’नं.
तो हात पुष्कळ दिवस धुतला जात नाही.
चहा गार होतो. कुणी उपाय सांगत नाही.

कोर्टात धकाते मॅडम मागच्या बाकावर होत्या.
बाहेर आल्यावर मला वाटलं, पाठ थोपटतील.
त्यांनी माझं मनगट धरलं,
करंगळीतली अंगठी दाखवली,
आणि भुवया उंचावल्या.

त्या रात्री घरी पोचले
तेव्हा नवरा ताट झाकून बसलेला.
जेवलीस का?
जेवलो, म्हणाले मी.